पणजीत स्टूल टाकून

गुरुवार

तीन ड्रॉइंग बोर्ड, तीन घडीची स्टुलं आणि रंगांच्या पिशव्या घेऊन आम्ही पणजीच्या गाडीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं आधी सामानाकडं बघितलं, मग आमच्याकडं. "प्रदर्शन हाय व्हय?" सर म्हणाले, "हाय की. पण चित्रं अजून काढायचीत." त्यानं मशिनमधून तिकिटं काढून हातात ठेवली आणि सावंतवाडीपर्यंत पुन्हा आमच्या वाटेला गेला नाही.

आम्ही तिघं म्हणजे मी, आमचे चित्रकलेचे सर आणि ॲनिमेशन शिकणारा एक पोरगा. सर त्याला बाळ्या म्हणतात, म्हणून आम्हीही बाळ्याच म्हणतो. सर हायस्कूलमधून कधीच निवृत्त झाले, पण रविवारी सकाळी रंकाळ्यावर स्टूल टाकून बसायचं काही सोडलेलं नाही. कुठंही गेलं तरी पहिल्या पाच मिनिटांत ते समोरच्याला सांगतात, की आबालाल रहमान कोटितीर्थाच्या काठाला बसून लँडस्केप करायचे, आम्ही त्या गावचे. गोव्यात त्यांनी हे आल्याआल्या नोंदणीच्या टेबलावरच सांगून टाकलं.

महोत्सव छोटेखानी, मळा आणि फोंतेन्यास या पणजीतल्या जुन्या भागातल्या रहिवाशांनीच भरवलेला. बाहेरगावच्या चित्रकारांनी शुक्रवार-शनिवार उघड्यावर बसून चित्रं काढायची, रविवारी सकाळी दोन तासांचं झटपट चित्र, आणि संध्याकाळी सगळी चित्रं तिथल्याच घरांच्या ओसरीवर आणि बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या सज्जात, टांगायची. विक्रीतला काही हिस्सा वाड्यातल्या पोरांच्या रंग-कागदासाठी. उतरायची सोय एकाच्या माडीवर, जेवण आळीपाळीनं घरोघरी. एकच कडक नियम होता: कोरे कागद आधी टेबलावर न्यायचे, मागच्या बाजूला शिक्का मारून घ्यायचा, आणि भिंतीवर चढेल ते फक्त शिक्क्याच्या कागदावरचं. घरून अर्धं काढून आणायचं किंवा रात्री माडीवर मोबाइलमधला फोटो बघून पुरं करायचं, असल्या हुशाऱ्या बंद. बाळ्यानं टॅबलेट चालेल का, असं विचारून बघितलं. टेबलावरच्या बाईंनी गोड हसून शिक्का दाखवला.

रात्री चर्चच्या पायऱ्यांखाली उभं राहून रोस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, खाल्लं. झोपायला उशीर झाला.

शुक्रवार

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यानं जाग आली. सायकलच्या मागं टोपली, वर निळा प्लॅस्टिकचा कागद, आणि त्याखाली गरम पोई, इथला पाव. दूधवाल्याला दार उघडतात तसं इथं त्याला उघडतात. चहात पोई बुडवून खाऊन आम्ही सात-सव्वासातला, नुकतं उजाडताना, खाली उतरलो.

या भागाची उजेडाची गणितं पहिल्यांदा समजून घ्यावी लागतात. घरं आल्तिनोच्या टेकडीच्या पूर्व पायथ्याला लागून आहेत आणि पुढ्यात ओरेंची खाडी. म्हणजे सकाळचं ऊन खाडीवरून थेट भिंतींवर येऊन आदळतं. पिवळं आणखी पिवळं होतं, निळं झळाळतं. दुपार कलली की टेकडी ऊन अडवते आणि गल्ल्या लवकर सावलीत जातात. ज्याला झगझगीत भिंती पाहिजेत त्यानं सकाळी बसावं. ज्याला सावकाश, उजेड न हलता काम करायचंय त्यानं दुपारी.

सकाळी बसणारेच जास्त. आणि सगळ्यांना एकच कोपरा पाहिजे होता, सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलकडं जाणारा. पांढरं चॅपेल, दोन्हीकडं रंगीत घरं, मध्ये अरुंद रस्ता: रचना आयती हातात येते. त्या चॅपेलमधला क्रूस एके काळी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरचा येशू मान खाली न टाकता डोळे उघडे ठेवून समोर बघतो. बाहेर मात्र सकाळी साडेसातला बोर्डाला बोर्ड लागलेले, आणि त्यांच्या मधून फोटो काढायला आलेल्या पोरी घेरदार झगे सावरत कुणाच्या तरी पायऱ्यांवर बसतायत. इथल्या रहिवाशांनी दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या का लावल्यात ते पाच मिनिटांत कळतं. स्वतःच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचायला बसायचं, तर आधी परक्या माणसाला उठवायचं.

तिथून पाय काढून आम्ही मळ्याच्या बाजूला सरकलो. एका गल्लीच्या वळणावर पिवडीच्या रंगाचं एकमजली घर दिसलं. खिडक्यांभोवती पांढरे पट्टे, खाली गुडघाभर उंचीपर्यंत काव, वर मंगलोरी कौलं. कौलांच्या मागं गच्चीचा एक तुकडा आणि त्यावर काळीकुट्ट सिंटेक्सची टाकी. दारात कव्हर घातलेली स्कूटर. समोरच्या खांबावरून घरात गेलेल्या वायरी इतक्या, की मोजायला घेतल्या तर सकाळ तिथंच जायची. मागं टेकडीवरचा आंबा.

पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्च-चॅपेलांसाठी राखलेला आणि घरं रंगवायलाच लागायची, असं इथं सगळे सांगतात. पावसानं भिंती काळवंडल्या की दरवर्षी चुना आणि त्यात नीळ, पिवडी नाहीतर काव. या गल्ल्यांचा रंगीतपणा पर्यटकांसाठी जन्माला आलेला नाही, एवढं तरी त्यावरून समजावं.

सर आणि मी शेजारी शेजारी बसलो. दोघांचं एकच घर. इथून आमचं भांडण सुरू झालं.

सरांची शिकवण साधी आहे: चित्रात काय घालायचं यापेक्षा काय गाळायचं ते कळायला पाहिजे. डोळे बारीक करायचे, उजेड-सावलीचे चार-पाच मोठे तुकडे बघायचे, बाकी सगळं चिल्लर. त्यांनी पेन्सिलीनं दहा रेघांत घर उभं केलं. टाकी गेली. वायरी गेल्या. स्कूटरच्या जागी त्यांनी एक कुंडी ठेवली, बोगनवेलीची. ती त्या गल्लीत कुठंच नव्हती.

मी म्हटलं, "सर, वायरी घालू का?"

"कशाला घाण करतेस?"

मी घातल्या. वायर काढणं दिसतं तितकं सोपं नाही. लांब केसांचा बारीक रिगर ब्रश घ्यायचा, दांडीच्या पार शेवटाला धरायचा आणि मनगट न हलवता कोपरातून एका दमात ओढायचा. मध्ये थांबलात की तिथं रंगाचा थेंब साचतो आणि वायरीवर चिमणी बसल्यासारखी दिसते. शिवाय वायर सगळीकडं काळी नसते. आकाशावरून जाते तेव्हा काळी, पिवळ्या भिंतीवरून जाते तेव्हा तपकिरी, आणि मागं आंब्याचा गर्द हिरवा आला की तीच वायर चक्क उजळ दिसते, कारण तिच्यावर ऊन आहे आणि झाडाच्या पोटात अंधार. तेवढा तुकडा रंगानं होत नाही. कागद ठणठणीत वाळू द्यायचा आणि ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडून खालचा पांढरा वर काढायचा.

कागद ठणठणीत वाळणं, हाच इथला खरा प्रश्न. कोल्हापुरात जानेवारीत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकून चहाचा कप उचलेपर्यंत सुकतो. पणजीत खाडीचा दमटपणा कागदात मुरतो, वरून कोरडा वाटला तरी हाताच्या पालथ्या बाजूला गार लागतो. गार लागतो तोवर दुसरा थर द्यायचा नाही, नाहीतर पहिला उचकटून येतो. बाळ्यानं अपारदर्शक रंग आणले होते, त्याला ही कटकट नव्हती. आम्ही कागद उन्हाकडं धरून बसलो असताना त्याचं चित्र निम्मं झालेलं.

पांढऱ्या पट्ट्यांशी मात्र मी बराच वेळ घालवला. पांढऱ्यावरची सावली राखाडी असते असं आपण धरून चालतो. अल्ट्रामरिन निळ्यात थोडा तपकिरी बर्न्ट सिएना, की झाली. पण इथं खालची जमीन चिऱ्यांची, लाल. उन्हात ती तापलेल्या तव्यासारखी उजेड वर फेकते आणि खिडकीखालच्या पट्ट्याची सावली खालच्या कडेला गुलाबी होत जाते. वरच्या कडेला ती निळसर, आकाशाची. वीतभर पट्ट्यात दोन हवामानं. ते एकदा दिसलं की पुढच्या प्रत्येक घरात दिसायला लागतं.

दहाच्या सुमाराला दार उघडून घरमालकीण काकी बाहेर आल्या. साठी उलटलेली, हातात दुमडलेलं मराठी वर्तमानपत्र. आम्ही कोल्हापूरचे म्हटल्यावर एकदम घरच्या झाल्या. अंबाबाईला त्या दर वर्षी येतात, महाद्वार रोडवर कुठल्या दुकानात साजाच्या वस्तू घेतात तेही सांगून झालं. मग सरांच्या मागं उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं. चित्र फर्मास झालं होतं, यात वाद नाही. पिवळ्या भिंतीवर आंब्याची सावली अशी पडली होती की बघत राहावं.

काकी म्हणाल्या, "टाकी खंय?"

सरांनी वर बघितलं.

"टाकी. ती बघा वर. आमच्या ह्यांनी आणि दिरांनी दोर लावून चौघांनी वर चढवली. त्याच्या आधी रात्री उठून नळाला बसायचो आम्ही." मग कुंडीवर बोट ठेवलं. "आणि हे झाड कोणाचं?"

सर म्हणाले, "ते रचनेसाठी आहे."

"बरं," काकी म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या. माझ्या चित्राकडं बघून त्यांनी एवढंच विचारलं, की वायरी एवढ्या आहेत का खरंच. मोजल्या तर माझ्या चित्रात कमीच होत्या.

दुपारी ऊन चढल्यावर बोर्ड माडीवर टाकून चित्रं बघायला निघालो. फोंतेन्यासमध्येच फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात ए. एक्स. त्रिंदाद यांची चित्रं आहेत. 1870 चा जन्म, मूळ गोव्याचे, मुंबईत जे. जे.मध्ये शिकले आणि तिथंच शिकवलं. त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत. व्यक्तिचित्रांतल्या अंधाराकडं बघितलं की का म्हणत ते कळतं: काळा रंग कुठं दिसत नाही, पण चेहरा अंधारातून वर येतो. त्यांची मुलगी अँजेला हीसुद्धा चित्रकार. सर एका व्यक्तिचित्रासमोरून हलेनात. परत येताना ते चित्रकार दलालांवर बोलत राहिले. दीनानाथ दलाल 1916 साली मडगावला जन्मले, आणि आमच्या आधीच्या पिढीला दिवाळी अंकावरची बाई कशी दिसते ते त्यांनीच ठरवून दिलं. गोव्यानं मराठी घरांच्या भिंती किती रंगवल्यात याचा हिशेब कुणी मांडत नाही, असं सरांचं म्हणणं. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

बाजारात मासळीच्या वासात मारिओ मिरांडांची भित्तिचित्रं बघितली. कोळणी, गिऱ्हाइकं, कुत्री, टोपल्या, कुणाची मिशी, कुणाची छत्री. मी सरांकडं बघितलं.

"ते व्यंगचित्र आहे," सर म्हणाले. "त्याची गोष्ट वेगळी."

शनिवार

दुसरा दिवस नदीपलीकडचा, दिवाडी बेटावर. पणजी सोडली की रायबंदरकडं जाणारा सरळ लांब बांध लागतो, पोन्त द लिन्यारिश. 1633-34 मध्ये बांधलेला आणि अजून त्यावरून बस धावते. एका बाजूला मिठागरांचे चौकोन. बसच्या खिडकीतून स्केच करायचा बाळ्यानं प्रयत्न केला, कागदावर भूकंपाचा आलेख उमटला.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी. खाली सपाट लोखंडी तराफा, वर मोटारी, स्कूटरी, शाळेची पोरं, कोंबड्यांचा एक खुराडा. पाच-सात मिनिटांत पलीकडं. एवढ्याशा वेळातही सर वहीत काहीतरी खरडत होते. आम्ही तेवढी नदी अंगावर घेतली.

पियदाद गावात टेकडीवर चर्च आहे. तिथून चहूकडं दिसतं: नदीपलीकडं से कथीड्रलचा एकच उरलेला मनोरा, खारफुटीच्या हिरव्या कडा, कापणी झालेली खाजन शेतं, आणि लांबवर कोकण रेल्वेचा पूल. या बेटावर कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्वेला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. हे आठवत टेकडीवर उभं राहिलं की समोरच्या निवांत हिरव्याकडं नुसतं निवांत म्हणून बघवत नाही. चित्रात ते कसं आणायचं मला सुचलं नाही. कदाचित आणायचं नसतंच.

सरांनी टेकडी घेतली. मी आणि बाळ्या खाली बांधावर उतरलो.

खाजन म्हणजे खाऱ्या नदीकडून मागून घेतलेली जमीन. मातीचे बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, आणि बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. आम्ही नेमके एका मानशीजवळ बसलो होतो. तिथं जाळं आवरत असलेल्या बाबांनी ती कशी चालते ते दाखवलं, आणि मला वाटतं अख्ख्या सहलीत इतकं सुंदर यंत्र मी दुसरं बघितलं नाही. दाराला ना मोटर, ना कुलूप. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून झडप दाबतं, दार आपोआप बंद. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं, दार उघडतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. पाण्याबरोबर मासे येतात, म्हणून दाराशी जाळं; त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो. खारं सोसणारं कोरगुट नावाचं भात याच शेतात पिकतं. बांध एका ठिकाणी फुटला तर सगळ्यांची शेतं खारी होतात, त्यामुळं बांधाची राखण ही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हतीच कधी, गावकरीची, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराची, होती. बाबा म्हणाले, "आता पोरां शेत करिनात. बांद कोण बघतलो?" आणि जाळं झटकून सायकलला बांधलं.

मी मानस काढायला घेतली. काळपट, शेवाळलेलं लाकूड, त्यावर शिंपले चिकटलेले, आणि पुढ्यात बांधलेली एक लहान होडी. पेन्सिलीनं होडी काढली तेव्हा ती चिखलात एका बाजूला कलंडलेली होती. आकाशाचा वॉश दिला, पलीकडची खारफुटी दिली, थर वाळायची वाट बघितली. मान वर केली तर होडी सरळ. रंग मिसळेपर्यंत ती हातभर वर चढलेली आणि तोंड फिरवून उभी. मानशीची झडप मघाशी उघडी होती, ती बंद. सावल्या सरकतात हे गृहीत धरून आपण आधी सावल्या पक्क्या करतो; पण इथं विषयच सरकत होता. शेवटी मी कागदावर कलंडलेली होडी तशीच ठेवली आणि पाणी मात्र भरतीचं रंगवलं. बांधावरच्या माणसानं बघितलं असतं तर हसला असता. भिंतीवर टांगल्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही.

बांधावर सावली नाही. कागदावर थेट ऊन पडलं की तो इतका लखलखतो की हात आपोआप गडद रंग घ्यायला लागतो, आणि घरात नेल्यावर चित्र तळघरातलं वाटतं. छत्री होती, पण वारा तिला टिकू देईना. मग बाळ्या माझ्या आणि सूर्याच्या मध्ये उभा राहिला आणि त्याबद्दल त्यानं संध्याकाळी एक सोडा वसूल केला.

जेवण एका घरी. शीत, हुमण, बांगड्याचा रवा फ्राय, किसमूर. आमच्यातले सर शाकाहारी. त्यांच्यासाठी काकडीची कोशिंबीर, तोंडाक आणि वर दोनदा सोलकढी आली. जेवताना ते गप्प होते. चित्र दाखवा म्हटल्यावर दाखवलं. टेकडीवरून दिसणारं सगळं होतं: नदी, खारफुटी, मनोरा. आणि आडवा, ठसठशीत, कोकण रेल्वेचा काँक्रीटचा पूल.

बाळ्या म्हणाला, "सर, पूल?"

"पूल चालतो. रचनेत बसतो."

"आन् टाकी न्हाई बसत?"

"जेव."

रविवार

झटपट चित्राचा दिवस, म्हणून वाड्यात जत्रा. नऊला एका रहिवाशानं घरातली पितळी घंटा आणून बडवली आणि चित्रकार पांगले. दोन तास, एक शिक्क्याचा कागद, विषय वाड्यातला कुठलाही. यात कसब फारसं लागत नाही, लागतो निर्ढावलेपणा: मागं दहा माणसं उभी असताना पांढऱ्या कागदावर पहिला मोठा ब्रश टेकवायचा. पोरं तर नाकाला रंग लागेल इतकी जवळ येतात. एका मुलीनं माझ्या पाण्याच्या डब्यात बोट बुडवून "हें पिंतूर?" असं विचारलं, तिच्या आजीनं ओढून नेलं. एका कुत्र्यानं सगळा वेळ माझ्या सावलीत झोप काढली, त्यामुळं पाय हलवायची सोय राहिली नाही. मी खाडीकाठचा एक जिना काढला. बरा झाला.

संध्याकाळी टेकडीची सावली पडल्यावर टांगायला सुरुवात. दोरीला कपड्याचे चिमटे, चिमट्याला चित्र, वर घरातल्या दिव्यांचा उजेड. ओसऱ्या आणि बल्कांवांत खुर्च्या, कुठं पियानो, कुठं पेटी. चित्रांच्या प्रदर्शनात लोक साधारण दोन पावलं मागं सरकून, मान तिरकी करून बघतात. इथं तसं नव्हतं. इथले लोक नाक लावून बघत होते, कारण ते चित्र बघत नव्हते, घर तपासत होते. "ह्या खिडकीला झडपा चार, ह्यानं तीन काढल्या." "हा रंग गेल्या वर्षीचा, आता आम्ही निळा दिलाय, हा बाबा कधी आला होता?" "आमचं दार उघडं दाखवलंय, आम्ही कधी उघडं ठेवतो?" एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एका चित्रातला बंद पडलेला दिवा ओळखून महापालिकेला अर्ज कधी केला होता ते सांगितलं. आर्ट गॅलरीत तज्ज्ञ समीक्षक फिरतात, त्यांच्या अंगावर यांच्यापैकी एकालाही सोडून बघावं.

चॅपेलचा कोपरा इतक्या चित्रांत होता की शेवटी लोक त्यांच्यासमोर थांबेनासे झाले. सगळ्यांत गर्दी एका छत्रपती संभाजीनगरच्या चित्रकाराच्या कामासमोर: त्यानं घर काढलंच नव्हतं, सकाळी पोदेराभोवती जमलेली माणसं काढली होती, आणि प्रत्येक जण आपण त्यात आहोत का ते शोधत होता.

सरांचं पिवळं घर सगळ्यांत आधी विकलं गेलं, मुंबईहून आलेल्या एका जोडप्याला. त्यांना टाकीशिवायचंच पाहिजे होतं, बोगनवेलीसकट. "अगदी गोवा" असं ती बाई दोनदा म्हणाली. माझं त्याच घराचं वायरीवालं शेजारी टांगलेलं होतं. त्यांनी ते शेजारचं म्हणून बघितलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. मानशीचं मात्र गेलं, दिवाडीच्याच एका बाईंनी घेतलं, आणि पैसे देताना कुठल्या बांधावर बसला होतात ते अचूक सांगितलं.

काकी आल्या तेव्हा सरांच्या चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागली होती. त्या उभ्या राहिल्या, बघितलं, आणि सरांना म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतं."

सर गोंधळले. "पण तुम्हाला ते आवडलं नव्हतं ना?"

"आवडलं नव्हतं असं कोण म्हणालं? टाकी कुठं म्हणून विचारलं मी."

सर काही बोलले नाहीत. जेवताना त्यांनी मला विचारलं, उद्या गाडी कितीला आहे.

सोमवार

गाडी अकराला होती. साडेसातला सर मळ्यातल्या त्या वळणावर स्टूल टाकून बसले. शिक्क्याची गरज नव्हती, कागद स्वतःचा. आम्ही दोघं सामान घेऊन पायरीवर. सरांनी डोळे बारीक केले, मोठे तुकडे मांडले आणि मग, तोंड वाकडं करून का होईना, आकाशाच्या कडेला टाकीसाठी जागा सोडली. टाकी काळी काढायची नाही, असं मला शिकवत शिकवत काढली: उन्हाच्या बाजूला गरम तपकिरी, सावलीच्या बाजूला निळी, आणि वरच्या झाकणावर आकाशाचा एक पांढरा ओरखडा, कागदाचाच. मी इतकी देखणी टाकी आजवर बघितलेली नाही. वायरी दोन घातल्या, दोनच. स्कूटरही घातली, बोगनवेल नव्हती.

काकी चहा घेऊन आल्या. सरांच्या मागं उभ्या राहिल्या. टाकीवर बोट न टेकवता बोट फिरवलं, मान डोलावली. कौलं मोजली असावीत, ओठ हलत होते. आंबा बरोबर. खिडक्या बरोबर.

"सगळं झालं," त्या म्हणाल्या. "फक्त ही स्कूटर काढा. ती भाडेकरूची आहे."

सरांनी ब्रश पाण्यात बुडवला. दहा वाजून गेले होते. बाळ्या रिक्षा बघायला गेला.